तुला हवी होती ती दाढी

राहेल,

दाढी आली बघ. पांढरीफेक आहे, हनुवटीखाली जरा पिवळट. डाव्या गालावर जहाजाच्या दोराचा फटका बसला होता तिथे केस उगवत नाहीत, त्यामुळे मधेच भगदाड पडल्यासारखं दिसतं. तुझ्या बाबांची दाढी छातीवर रुळायची, शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी खोबरेल लावून विंचरलेली असायची. माझी तशी नाही. माझी अर्धवट सोललेल्या नारळासारखी आहे. पण आली. लग्न झाल्यापासून मागत होतीस ना? घे. फक्त बघायला तू नाहीस.

आजारी मी होतो. गेलीस तू. याला काय म्हणायचं ते मला कुणी सांगत नाही. माझ्या कामावरचा इस्माईल म्हणतो, अल्लाची मर्जी. आपला एली म्हणतो, "पप्पा, इट हॅपन्स." इट हॅपन्स! फ्लाइट चुकली तरी तो हेच म्हणतो आणि आई गेली तरी हेच म्हणतो.

सगळं रीतीने केलं तुझं. प्रार्थनेला आपले दहा यहुदी पुरुष लागतात, आणि या अरबांच्या मुलखात आपली माणसं किती ते तुला माहीतच आहे. एली फोनवर फोन लावत होता. एक म्हातारा पार पलीकडच्या गुदैबियाहून व्हीलचेअरमध्ये आला, तेव्हा दहा झाले. सात दिवस मी जमिनीवर बसलो. आरशावर तुझी ती निळी चादर टाकली. गुडघे उठू देत नव्हते, एली काखेत हात घालून उठवायचा. सात झाले, आता तीस चालू आहेत. तीस दिवस गालाला वस्तरा लावायचा नाही, ही आपली रीत. रीत मी पाळतोय. तुझ्यासाठी पाळतोय, देवासाठी नाही. देवाशी माझं सध्या बोलणं नाही.

आणि नेमकी यातच अडचण आलीय.

माझं ते श्वासाचं मशीन. झोपताना नाकातोंडावर रबराचा मास्क लावायचा, पट्टे तू आवळायचीस. मास्क गालाला घट्ट चिकटला तर हवा छातीत जाते. दाढीवर तो चिकटत नाही. बाजूने हवा निसटते, मशीन पींपीं करत राहतं, छाती रिकामीची रिकामी. मग मी खुर्चीत बसून झोपतो. सकाळी डोकं दगड झालेलं असतं. डॉक्टरीणबाईंनी, त्या आपल्या केरळच्या, माझे निळे पडलेले ओठ बघितले आणि म्हणाल्या, "अंकल, शेव करो. बस."

मी म्हटलं, "मेरी बीवी मरी है."

"तो आपको भी जाना है क्या?"

"लाइन में तो हूँ ही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एलीला फोन लावला. तेव्हापासून घरात भांडण चालू आहे. दाढी ठेवायची की श्वास घ्यायचा, यावर. तू असतीस तर मजा आली असती तुला.

पण आपलं भांडण जुनं. ते आधी संपवू.

इथे आपण दोघं आलो तेव्हा ठेकेदाराने मला जहाजांचा गंज काढायला लावलं. पाइपातून वाळूचा मारा करायचा, गंज उडतो, आपण त्या धुरळ्यात उभं राहायचं. तोंडावर मास्क. मास्क बसायला गाल गुळगुळीत पाहिजे. रोज सकाळी गेटवर सेफ्टीवाला गालावरून उलटा अंगठा फिरवायचा. खरखर लागली की माणूस परत, दिवसाचा खाडा. पहिल्या आठवड्यात मी हे तुला हसत सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. हात थांबला तुझा.

"परक्या माणसाने तुमच्या गालाला हात लावला?"

"लावला तर लावला. घेऊन नाही गेला गाल."

"हसू नका. पुरुषाच्या दाढीला हात लावतो तो एक तर आपला असतो, नाहीतर वैरी." आणि मग तू ती गोष्ट सांगितलीस. दावीद राजाचा सेनापती. दुसऱ्या सरदाराला भेटला, म्हणाला, भावा, बरा आहेस ना? उजव्या हाताने त्याची दाढी धरली, मुका घ्यायला. त्या बिचाऱ्याचं लक्ष त्या प्रेमाच्या हाताकडे. दुसऱ्या हातातली तलवार त्याने बघितलीच नाही. आतडी बाहेर.

मी म्हटलं, "म्हणून तर काढतो. धरायला काही नकोच."

दोन दिवस बोलली नाहीस.

तुझ्या बाबांनी तुला मुलासारखं शिकवलं, हीच खरी गडबड. रेवदंड्याकडच्या त्या गावात आपली घरं मूठभर. मशिदीत बाबा प्रार्थना सांगायचे. इथे लोकांना वाटायचं आपण मुसलमान, कारण आपण आपल्या प्रार्थनाघराला मशीद म्हणतो. गावात पोरींना कोण ग्रंथ शिकवत होतं? बाबांनी तुला शिकवला. आणि तू तो सगळा माझ्या गालांवर वापरलास. मी सातवी नापास. मला यातलं काय माहीत? मला पाइप धरता येत होता.

त्या राजदूतांची गोष्ट तर तू इतक्यांदा सांगितलीस की मला झोपेत म्हणता येईल. शेजारच्या राजाचा बाप वारला, दावीदने समाचाराला माणसं पाठवली. तिकडच्यांना वाटलं, हेर आहेत. धरलं, एकेकाची अर्धी दाढी भादरली, अंगरखे कमरेखाली कापले आणि दिलं हाकलून. दावीदला कळलं. तो त्यांना दरबारात बोलावत नाही. निरोप धाडतो, वेशीपाशीच त्या गावात थांबा, दाढ्या वाढल्या की मग या.

"बघितलंत?" तू म्हणायचीस. "राजाने विचारलं नाही काय झालं. चारचौघांत आणलं नाही. थांबा म्हणाला. मान असा असतो."

"पुढे लढाई झाली ना त्यावरून?"

"झाली."

"माणसं मेली?"

"पुष्कळ."

"दाढीपायी."

"मानापायी!"

"मग मेले त्यांच्या दाढ्या वाढल्या का?"

पातेलं आपटलंस. त्याला पडलेला पोचा अजून आहे.

मी आजही म्हणतो, माझं बरोबर होतं. दाढी ठेवून मला गंजाचं काम मिळालं नसतं. एलीची शाळा, तुझं तेव्हाचं दुखणं, गावचं घर, सगळं त्या गुळगुळीत गालावर उभं राहिलं. पण तुझ्याकडे इस्माईल होता. माझ्याच टोळीतला, रत्नागिरीचा. त्याला दाढी काढ म्हणाले, तो म्हणाला, "खलास, गळा कापा पण ही नाही." त्याला स्टोअरला टाकला. तिथे तो नटबोल्ट वाटत बसला. पगार कमी. आणि तू रोज मला त्याचं उदाहरण. "इस्माईलभाईंनी नाही काढली." "इस्माईलभाईंना नाही का बायकापोरं?"

आता गंमत बघ. मास्क नीट बसावा म्हणून मी जन्मभर गाल खरवडला आणि छाती वाळूने भरली ती भरलीच. त्या मास्कातून सगळं आत जात होतं. इस्माईल स्टोअरमध्ये पंख्याखाली बसला, आज मुहर्रकच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आमचा जिना चढतो आणि वर येऊन विचारतो, "काय रे सॉलू, दम लागला?" बसल्या बसल्या मला!

हे तू मला एकदाही ऐकवलं नाहीस. डॉक्टरने फुप्फुसाचा फोटो उजेडावर धरला तेव्हा तू शेजारी होतीस. मी वाट बघत होतो, आता बोलेल, आता इस्माईलचं नाव काढेल. तू फक्त माझ्या शर्टाची कॉलर नीट केलीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. ऐकून घेतलं असतं मी.

कामावरच्या त्या मास्कच्या रबराने गालावर वळ उठायचे. तू कोमट खोबरेल लावायचीस, बोटाच्या पेराने, बोलणी देत देत. "आपल्या पहिल्या याजकाच्या, अहरोनाच्या डोक्यावर तेल ओतलं, ते दाढीवरून ओघळून अंगरख्याच्या गळ्यापर्यंत गेलं. तुमच्या गालावर तेल थांबतसुद्धा नाही." मी डोळे मिटून पडायचो. तुझ्या हाताला लसणाचा वास असायचा. तेवढा वेळ मला काही दुखत नसे. हे तुला कधी बोललो नाही. असलं बोलायची आपल्यात पद्धत नव्हती.

एकदा मी तुला पकडलं होतं. तूच मोठ्याने वाचत होतीस, शहर पडलं, आणि लोक रडत निघाले, कपडे फाडलेले, दाढ्या भादरलेल्या. मी म्हटलं, "थांब. तुझाच ग्रंथ सांगतो ना, दाढीचे कोपरे बिघडवू नका, मेलेल्यासाठी डोकं भादरू नका? मग ही आपलीच माणसं ना? आणि आपण तर दुखवट्यात वाढवतो. खरं काय त्यातलं?"

तू चष्मा काढलास. विचार केलास. "नियम होता म्हणून तर मोडलेला दिसतो," म्हणालीस. "ज्याचं शहरच गेलं तो मान कुठे ठेवील? तोंडावर जो मान होता तो त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला. वाढवणारेही तेच सांगतात. आता या तोंडाकडे बघायचं कारण उरलं नाही."

"म्हणजे दोन्ही बरोबर?"

"दोन्ही दुःख."

मला ते उत्तर पटलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी पळायची वाट ठेवलीस असं वाटलं होतं.

तुझा लाडका मात्र तो लंगडा राजपुत्र. दावीद राजा शहर सोडून पळाला त्या दिवसापासून ह्याने पाय धुतले नाहीत, कपडे धुतले नाहीत, दाढीला हात लावला नाही. राजा सुखरूप परत येईपर्यंत तसाच. "तुम्ही राहाल का असे माझ्यासाठी?" तू विचारायचीस. मी म्हणायचो, "अंघोळ नाही केली तर तूच घरात घेणार नाहीस."

राहिलो ना आता? पण त्याचा राजा परत आला, राहेल. त्याने पाय धुतले असतील, दाढी नीट केली असेल, जेवायला बसला असेल. माझ्याकडे परत कोण येणार आहे?

*

इथवर परवा लिहिलं. मग दम लागला. आज पुढचं लिहितो, कारण पुढचं झालं.

शुक्रवारी एली आला. सीफच्या मॉलमधून येताना एक डबी घेऊन आला, दाढी कापायचं नवं मशीन. इस्माईल आधीच येऊन बसला होता, माझ्याच चहात माझीच बिस्किटं बुडवत. मला म्हणत होता, "आता कसा माणसात आलास रे सॉलू. आता दोघं फिरायला निघालो की लोक सलाम करतील. उशीर केलास. वहिनींनी बघायला पाहिजे होतं."

"गप बस," मी म्हटलं.

एलीने डबी टेबलावर ठेवली. मी ती बाजूला सरकवली. त्याने परत पुढे सरकवली.

"पप्पा, प्लीज. बी रिझनेबल."

"तीस दिवस झाले की बघू."

"यू मे नॉट हॅव थर्टी डेज."

"मग आईशेजारी जागा आहे, बघून ठेवलीय मी."

इस्माईल "तोबा तोबा" म्हणाला. एलीचा गाल बघितला मी, गुळगुळीत, त्याच्या बँकेतल्या टेबलासारखा. सात दिवस संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी हा भादरून ऑफिसला गेला होता. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण सुटलं तोंडातून. "तुझ्याने तीस दिवस राहवलं नाही. आई होती ती तुझी. आता निदान मला तरी राहू दे. अर्धीच काढली असतीस तर तुला वेशीबाहेर थांबवला तरी असता."

"आय हॅड टू, पप्पा. क्लायंट होते."

"मलाही जन्मभर हॅड टूच होतं! एकदा, एकदाच मला तिच्या मनासारखं करू दे!"

खोकला आला. इतका आला की इस्माईल उठून पाठ चोळायला लागला. एली पाणी घेऊन उभा. खोकला थांबला तेव्हा तो माझ्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला. आणि मराठीत बोलला. तुला माहीत आहे तो मराठी कसा बोलतो, ऐकतो सगळं, बोलताना लंगडतो. लहानपणी तू चुका काढायचीस म्हणून त्याने बोलणंच सोडलं होतं.

"आई बोलली होती मला. हॉस्पिटलमध्ये. तुम्ही चाय आणायला गेला होता."

"काय बोलली?"

"बोलली, पप्पा आता दाढी ठेवणार. माझ्यासाठी ठेवणार. तू ठेवायला देऊ नको. त्यांचा मास्क बसणार नाही."

मी म्हटलं, "खोटं."

"आईची शपथ," तो म्हणाला. मग म्हणाला, "शी मेड मी प्रॉमिस. दोन वेळा."

"मग मला का नाही सांगितलंस इतके दिवस?"

"ती बोलली, आधी थोडे दिवस वाढू दे."

इस्माईल चहाचा कप नुसता फिरवत बसला.

मला राग आला, राहेल. तुझाच. पोराचा नाही. माझ्या पाठीमागे, मी चहा आणायला गेलो असताना, तू माझ्या गालाचा निकाल लावलास? जन्मभर मागितलंस ते मी पहिल्यांदा द्यायला बसलो आणि तू आधीच परत करून ठेवलं होतंस? थोडे दिवस वाढू दे म्हणे. म्हणजे तेवढे दिवस मला तुझ्यासाठी काहीतरी करतोय असं वाटू दे. पोराला खेळणं द्यावं तसं.

आणि मग मला कळलं. त्याआधी कळायला पाहिजे होतं. ते श्वासाचं मशीन घरात आलं त्या दिवसापासून तू दाढीचं नाव काढलं नव्हतंस. दोन वर्षं. ना अहरोन, ना दावीद, ना इस्माईल. मला वाटलं, मी जिंकलो. मी तर तुला डिवचलंही होतं, गाल पुढे करून, "काय, कसा दिसतो बिनदाढीचा?" तू पट्टा आवळत होतीस. वाकून मास्कच्या कडेला कान लावलास, हवा निसटते का ते ऐकायला. म्हणालीस, "बसला नीट." बस. एवढंच.

मी जिंकलो नव्हतो. तू सोडून दिलं होतंस. जे बाबांकडून आणलं होतंस, ज्यावरून माझ्याशी जन्मभर भांडलीस, ते तू एका रबराच्या मास्कसाठी खाली ठेवलंस आणि मला सांगितलंही नाहीस. मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? नसतंस. मी विचारलंही नसतं. आपलं असंच होतं.

"गॅलरीत चल," मी एलीला म्हटलं.

खुर्ची बाहेर घेतली, गळ्याभोवती टॉवेल. डोक्यावरून विमान उतरत होतं, त्या आवाजात त्याने काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "मोठ्याने बोल."

"ब्लेड लावू शेवटी?"

"वस्तरा नाही. मशीनच चालव, अगदी लागून. कातरलेली चालते आपल्यात, वस्तरा चालत नाही. तेवढं तिचं राहू दे."

इस्माईल आमच्याकडे पाठ करून कठड्यापाशी उभा राहिला. "मी नाही बघणार," म्हणाला. आपली दाढी मुठीत धरून उभा होता.

एलीने डाव्या हाताने माझी हनुवटी धरून वर केली. माझ्या चेहऱ्याला त्याचा हात शेवटचा कधी लागला होता आठवत नाही, कडेवर होता तेव्हा असेल. हात थरथरत होता. मी म्हटलं, "बँकेत असाच हात थरथरतो का रे?" तर रडायला लागला. मशीन चालू, आणि हा रडतोय. "कान कापशील," मी म्हटलं. तो थांबेना. केस टॉवेलवर पडत होते. सगळं मिळून मूठभरसुद्धा झालं नाही. तुझ्यासाठी एवढंच जमलं होतं माझ्याकडे.

आरशावरची चादर मी कधीच काढली होती, पण आरशात बघितलं नाही.

झोपायच्या वेळी मास्क लावला. पट्टे एलीने आवळले, उलटसुलट, दोनदा सोडून परत बांधले. कडेला कान लावून ऐकायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. मी शिकवलं नाही. तेवढं माझ्याकडे राहू दे. मशीनने आवाज केला नाही. छाती भरली, परत भरली. मी शिव्या देत होतो, तुला, मशीनला, त्या ठेकेदाराला, आणि मास्कच्या आत कुणाला ऐकू जात नव्हतं. कधी झोप लागली कळलं नाही.

सकाळी उठलो तर डोकं हलकं होतं. आणि भूक लागली होती. तू गेल्यापासून कुणीतरी ताट पुढे करतं म्हणून दोन घास ढकलत होतो. ही भूक वेगळी होती, पोटातून आलेली, जवान माणसाची. मला इतकी शरम वाटली की मी पलंगावरच बसून राहिलो. पोट काही ऐकेना. उठलो, कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम खुबूस रोटी आणली, अंडी फोडली, तेलात भरपूर कांदा घातला. एली अजून झोपला होता, त्याच्यासाठी झाकून ठेवलं. मग मी ओट्यापाशी उभ्यानेच खाल्लं. सगळं खाल्लं. बोटं चाटली.

तुला हेच हवं होतं ना? मग घे, झालं तुझ्या मनासारखं. मी जेवलो.